चार बोटं उंच टेबल

थोरली लेक तीन वर्षं इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून घरूनच टायपिंगची कामं करत होती. परवा तिच्या मुंग्या आलेल्या हातून पाण्याचा पेला निसटला, तशी आईनं तिला ओढतच फर्निचरच्या दुकानात नेलं.

लाकडी टेबल भक्कम होतं. आईनं त्यावर बसूनही पाहिलं. पण थोरली समोर बसली की तिचे खांदे कानाला भिडत, आणि खुर्ची उंच केली की पाय लोंबकळत.

"सगळ्यांना हेच माप चालतं. होईल सवय," दुकानदार म्हणाला.

"जाऊ दे आई, घेते जमवून," थोरली पुटपुटली.

हे वाक्य तिला आईनंच शिकवलं होतं. आई दुकानदाराकडे वळली.

"काही जमवायचं नाही! पाय कापून द्या टेबलाचे."

"काकू, कापलं की गॅरंटी गेली!"

"जाऊ द्या. टेबलाला नवे पाय मिळतील, हिला नवे हात कुठून आणू?"

दुकानदार हसला. आई मात्र खुर्ची ओढून ठाण मांडून बसली. शेवटी करवत घेऊन सुतार आला, तेव्हा तिनं टेबलाच्या पायावर खालून चार बोटं आडवी टेकवली.

"इथून."