दयाराम मेश्रामांचं शेडकार्ड

जबलपूरच्या विजय नगरात दयाराम मेश्रामांना चहाला बोलावणारे लोक कमी. माणूस वाईट नाही, पण आला की आधी भिंतीकडे बघतो. "रंगाचे दोन डबे वेगळ्या लॉटचे लागले इथं. तो कोपरा उतरला बघा." यजमानाचा पेढा घशातच अडकतो. एकतीस वर्षं त्यांनी लष्करी गाड्यांच्या फॅक्टरीत रंगकामाच्या विभागात, पेंट शॉपमध्ये, काढली, शेवटची बारा रंग तपासणारे म्हणून. गाडी पास करायची की परत रंगवायला पाठवायची, ते यांच्या डोळ्यावर. रिटायर झाले, पण डोळा काही रिटायर झाला नाही. शेवंताबाईंनी सकाळी चहा दिला की कप आधी खिडकीकडे धरतात.

"आज फिका आला."

"प्या गुपचूप. गाडी नाही रंगवायची त्यानं."

मार्चमध्ये नात झाली, प्रणोती. पिवळसर होती. लहान बाळं होतातच पिवळी, असं ज्यानं त्यानं सांगितलं, म्हणून मुलगा अश्वजीत रोज तिला कोवळ्या उन्हात घेऊन बसू लागला. दोन आठवडे गेले, चार गेले, पिवळेपणा हलेना. कॉलनीतल्या डॉक्टरांनी फोनवर विचारलं, शीचा रंग कसा? सुनेनं, प्रियंकानं, फोटो पाठवला. पिवळी दिसते, ऊन देत राहा, असं उत्तर आलं. सगळे निर्धास्त झाले.

डायपर बदलणं हे आजोबांचं खातं नव्हतं. पण एकेचाळिसाव्या दिवशी दुपारी प्रियंका अंघोळीला, शेवंताबाई बाजारात, आणि नातीनं नेमका मोका साधला. दयारामांनी कसाबसा डायपर काढला, टाकायला गॅलरीत आले आणि तिथंच थबकले.

प्रियंका बाहेर आली तर सासरे गॅलरीत उकिडवे, पुढ्यात उघडा डायपर, हातात फॅक्टरीतलं जुनं, रंगांच्या पट्ट्यांचं शेडकार्ड.

"बाबा! काय करून राहिले तुम्ही?"

"हा रंग पिवळा नाही, बेटा. फोटो कुठं काढला होता?"

"खोलीत. पडदा लावलेला असते ना, लाइटमध्ये."

"त्या पिवळ्या बल्बखाली? तिथं आपली पांढरी स्कूटरबी पिवळीच दिसंन. रंग बघायचा तर सावलीतल्या उजेडात." त्यांनी कार्डाची एक मातकट पांढरी पट्टी डायपरशेजारी धरली. "ही पुट्टी आहे. रंग चढायच्या आधीची."

संध्याकाळी अश्वजीत हसला. "बाबा, यार, आता शीसुद्धा रिजेक्ट करणार काय?"

शेवंताबाई मात्र हसल्या नाहीत. "सू गडद होते पोरीची. फडक्यावर हळदीवानी डाग पडते. मी म्हटलं, गर्मी असंन."

दुसऱ्या दिवशी सगळे ऑटोत बसून नेपियर टाउनला. तिथं डॉक्टर विनता लहान मुलांचं पोट आणि लिव्हर बघतात. दयारामांच्या मांडीवर कार्ड, त्यावर दोन थैल्यांत बांधलेला सकाळचा डायपर. अश्वजीतनं पूर्ण रस्ता तोंड बाहेर काढून ठेवलं.

डॉक्टरांनी डायपर घेतला आणि टेबलाचा दिवा सोडून सरळ खिडकीपाशी नेला. दयारामांना बाई तिथंच पटल्या. मग डॉक्टरांनी ड्रॉवरमधून एक कार्ड काढलं. रंगाचे चौकोन, खाली नंबर. "ये हमारा शेडकार्ड है, अंकल."

दोन्ही कार्डं शेजारी ठेवली. पुट्टी आणि त्यांचा चौकोन, जुळे भाऊ.

डॉक्टरांनी समजावलं. शीला रंग येतो लिव्हरमधल्या पित्तानं. ते आतड्यात उतरतच नसेल तर शी पांढरट, आणि पित्त रक्तात उलटून लघवी गडद.

"म्हणजे स्प्रे-गनमध्ये रंग आहे, नोझल चोक आहे," दयाराम म्हणाले.

"बिलकुल. शक तो यही है." रक्त आणि सोनोग्राफी आजच करायची, असं त्या म्हणाल्या. शंका खरी निघाली तर ऑपरेशन, आणि ते साठ दिवसांच्या आत झालेलं बरं. उशीर होईल तसं लिव्हर कडक होत जातं.

"आज बेचाळीस झाले," प्रियंका रडू लागली. "मी रोज बघत होती, बाबा."

"माझ्याबी डोळ्यापुढून चाळीस गेले. चल, रक्त देऊ."

शंका खरी निघाली. पन्नासाव्या दिवशी नागपूरला ऑपरेशन झालं. आतड्याचा एक तुकडा थेट लिव्हरला जोडला. वाट चालू झाली की नाही ते शीच सांगेल, आणि चालू झाली तरी लिव्हरवर पुढं अनेक वर्षं नजर ठेवावी लागेल, असं तिथल्या सर्जननं स्पष्ट सांगितलं.

दयाराम आणि शेवंताबाई जबलपूरलाच थांबले. रोज सकाळी चहाच्या वेळी व्हिडिओ कॉल. पहिले पाच दिवस पुट्टी.

सहाव्या दिवशी अश्वजीत ओरडला, "बाबा, रंग लागला! बघा!"

"बल्ब बंद कर."

"वॉर्डाचा बल्ब आहे, मी कसा बंद करू?"

"मग खिडकीशी ने. उन्हात नको."

पडद्यावर पंखा फिरला, भिंत फिरली, कुणी नर्स करवादली, "भैया, ये क्या लेके घूम रहे हो?" मग चित्र थांबलं.

शेवंताबाई खांद्यावरून वाकल्या. "अवो, सांगा ना काही!"

दयारामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मोहरीच्या फुलासारखा पिवळा. कडेला जरा हिरवट.

"उद्याचाबी दाखव," ते म्हणाले. "रंगाच्या पयल्या कोटावर मी पास करत नसतो."

शेवंताबाईंनी चहा आणून ठेवला. धांदलीत चहापत्ती टाकायचीच राहिली होती, नुसतं गरम दूध-साखर. दयारामांनी कप उचलला आणि खिडकीकडे न धरता सगळा पिऊन टाकला.