हिरोसाठी बुजवलेल्या भेगा

आमचा फुटबॉल क्लब सिनेमातला एक मोठा हिरो विकत घेणार, ही बातमी अकोल्यात सगळ्यात आधी आमच्या ओट्यावर आली. आणली ती आमच्या गल्लीच्या तोंडाशी सलून चालवणाऱ्या भाऊंनी. त्यांचा मावसभाऊ मुंबईत शूटिंगच्या ठिकाणी नटांचे केस विंचरतो. हिरोच्या ऑफिसात आपल्या मैदानाचे फोटो पाहिले, गोलपोस्टसकट, असं त्याने फोनवर सांगितलं. एवढंच. पण एवढ्या भांडवलावर आमच्या लोकांनी कितीतरी दिवस चहा प्यायला, आणि तो चहा मी केला.

माझे यजमान या क्लबचे सगळं काही. शाळेत पी.टी.चे शिक्षक होते, म्हणून अख्खं गाव त्यांना सर म्हणतं, आणि लिहिताना मीही तेच म्हणते. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हा क्लब पाहते आहे. माझ्या गच्चीवर साड्यांपेक्षा शेंदरी जर्सीच जास्त वाळल्या. एके काळी नागपूरचे संघही आमच्या पोरांना वचकून असायचे. नंतर क्लबला मदत करणारे दालमिलवाले शेठ वारले आणि त्यांच्या मुलांना फक्त क्रिकेट दिसायला लागलं. चांगले खेळणारे पुण्याला नोकरीला गेले. गेली काही वर्षं आम्ही हरतो, आणि तेही सवय झाल्यासारखे.

सरांचा उजवा गुडघा पार गेला होता. तरी रोज सकाळी लंगडत मैदानावर. अमरावतीला आमची मुलगी असते. तिच्या घराच्या वरच्या दोन खोल्या तिने आमच्यासाठी म्हणून रिकाम्या ठेवल्या आहेत. मला तिथे जायचं होतं. फार जायचं होतं, हे आडपडदा न ठेवता सांगते. लेक आहे, नातू आहे, आणि मुख्य म्हणजे तिथे गेलं तर हा माणूस कधीतरी दिवसाउजेडी घरात दिसेल, असं मला वाटायचं. मी विषय काढला की सरांचं उत्तर ठरलेलं असे. "क्लब कोनाच्या तरी हाती देल्याशिवाय मी अकोला सोडत नाही. पुन्हा इचारू नको."

त्यामुळे हिरोची बातमी आली तेव्हा ओट्यावर सगळ्यात जास्त कान टवकारले असतील तर ते माझे. बाकीच्यांना क्लब वाचायला हवा होता. मला नवरा सुटायला हवा होता.

काय काय बोलायचे ते लोक. हिरोचे वडील म्हणे कधीकाळी अकोल्यात बँकेत होते. मग काय, पन्नाशीचा प्रत्येक माणूस हिरोचा वर्गमित्र निघाला. एकाने त्याला पेन्सिल दिली होती, एकाने त्याला मारलं होतं. सलूनवाले भाऊ तर हिरोला बसायला सोफा लागेल की प्लास्टिकची खुर्ची चालेल यावर वाद घालत. कुणी म्हणे ब्राझीलचा खेळाडू आणेल. कुणी म्हणे मैदानावर हिरवंगार गवत लावेल. यावर निवृत्त एसटी कंडक्टर भाऊजी, जे सरांच्या जोडीने क्लबात आले आणि कधी हटले नाहीत, ते म्हणाले, "नळ आठ-आठ रोज येत नाही आपल्याकडं. गवताले काय कोल्ड्रिंक पाजता का?"

कंडक्टर भाऊजींना एकाच गोष्टीची धास्ती होती. हिरो जर्सीचा रंग बदलेल. त्यांनी स्वतः कधी चेंडूला पाय लावलेला नाही, पण ड्युटीच्या बसमधून उतरून थेट सामन्याला यायचे, खाकी कपड्यांत. शेंदरी रंग गेला तर मी घरी बसेन, असं ते दर दोन दिवसांनी सांगत, आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसत.

सर या चर्चेत फार बोलत नसत. पण एकदा रात्रीच्या जेवणाला त्यांनी मला विचारलं, की असा माणूस खरंच आला तर तो रोज सकाळी मैदानावर येईल का. मी म्हटलं, अजी, तो माणसं ठेवेल. ते बराच वेळ भाकरी मोडत बसले. मग म्हणाले, ठेवलेली माणसं पगाराच्या दिवशी येतात.

फाल्गुनात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन अमरावतीला करायचं ठरलं, आणि मी त्यांच्याबरोबर गेले. सगळं नीट पार पडलं. मुलीने रजा काढली होती, सरांकडे ती पाहायची आणि स्वयंपाकाकडे मी असं चाललं होतं. पण अकोल्याचं घर बंद, आणि नळाचा दिवस आला की टाकी भरायला कुणीतरी हवं. शेवटी मुलीनेच मला बसमध्ये बसवून दिलं.

घरी पोचले तर ओटा रिकामा. मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. शेजारणीने सांगितलं, सगळे मैदानावर आहेत. मी पाणी भरलं आणि डोक्यावर पदर घेऊन उन्हात तशीच गेले.

आमचं मैदान काळ्या मातीचं आहे. उन्हाळा लागला की त्याला अशा भेगा पडतात की हात घातला तर कोपरापर्यंत जाईल. चेंडू टाकावा एकीकडे आणि तो उडावा भलतीकडे. ते मैदान आमचे लोक बुजवत होते. बाळापूर रोडवरून मुरूम आणलेला. कुणी घमेली वाहत होतं, कुणी भेगांत मुरूम ठासत होतं. बार्शीटाकळीचा एक शेतकरी, जो दर रविवारी मोटारसायकलवर सामने पाहायला येतो, त्याने आपल्या विहिरीचं पाणी टँकरने पाठवलं होतं. ज्या शहरात पाहुण्याला पेलाभर पाणी देतानाही मनात टाकीचा हिशेब चालतो, तिथे हे लोक जमिनीला पाणी पाजत होते. कंडक्टर भाऊजी गोलपोस्टला पांढरा रंग देत होते, आणि त्यांच्या भुवयाही पांढऱ्या झाल्या होत्या.

मला पाहून सलूनवाले भाऊ धावत आले. हिरोची माणसं सोमवारी मैदान पाहायला येणार होती. मावसभावाने पक्का दिवस कळवला होता. "काकू, आपल्या घरी सोयरीक पाहाले येनार असले तर आपन भिंतीले पोपडे ठेवतो का?" असं त्यांनी मला विचारलं. सरांना मात्र सांगू नका म्हणाले, ते वॉकर घेऊन पळत येतील.

मी सांगितलं नाही. उलट घरी जाऊन घमेलं घेऊन आले. अंग दुखेपर्यंत मीही मुरूम टाकला, आणि प्रत्येक घमेल्याबरोबर मला अमरावतीच्या खोल्यांच्या खिडक्या दिसत होत्या. त्या लोकांचं मला त्या दिवसांत इतकं कौतुक वाटलं की विचारू नका. ज्याचा संघ जिंकतो त्याच्यामागे कुणीही धावेल. हे लोक हरणाऱ्या संघाचं अंगण सारवत होते.

सोमवारी दोनच जण आले, गाडीतून. एक मुलगी, एक मुलगा, दोघेही आमच्या लेकीपेक्षा लहान. गळ्यात कॅमेरा. आमच्या लोकांनी मैदानाच्या कडेला रोडग्यांचा बेत केला होता. कणकेचे थरावर थर देऊन गोळे करायचे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. वऱ्हाडात पाहुण्याचा याहून मोठा मान नाही. धूर निघत होता, पोरं धुतलेल्या जर्सीत रांगेने उभी होती.

ती मुलगी मैदानाकडे पाहत राहिली. मग तिने फोनमधला एक फोटो उघडून आम्हाला दाखवला. आमचंच मैदान, मागच्या उन्हाळ्यातलं. भेगाच भेगा, वाकलेली गोलपोस्ट, दोरीने बांधलेली जाळी.

"आम्हाला हे हवं होतं," ती म्हणाली. "हे कुठे गेलं?"

मग हळूहळू सगळं उलगडलं. हिरो क्लब विकत घेणार नव्हताच. तो सिनेमा करणार होता. लहान गावातला एक बुडता फुटबॉल क्लब आणि त्याला वाचवायला येणारा मोठा माणूस, अशी गोष्ट. त्यासाठी त्यांना उजाड, फाटलेलं मैदान हवं होतं, आणि सगळ्या देशात शोधून आमचं पसंत पडलं होतं. ते आम्ही चार दिवस राबून नीटनेटकं करून ठेवलं.

सलूनवाले भाऊ तेवढे म्हणाले, की ताई, उन्हाळा वाढला की भेगा पुन्हा पडतील, थोडी कळ काढा. ती मुलगी कसनुशी हसली. त्यांना लगेच दुसरं गाव पाहायला निघायचं होतं. मी निखाऱ्याजवळ बसून घेतलं. धुरामुळे डोळ्यांत पाणी आलं असं लोकांना वाटलं असेल.

तेव्हा कंडक्टर भाऊजी पुढे झाले. हात अजून रंगाचे होते. त्यांनी त्या मुलीला विचारलं, "सिनेमात तरी वाचते का टीम?"

"हो काका, शेवटी वाचते."

"मंग ठीक हाय," भाऊजी म्हणाले. "जेवल्याबिगर जाऊ नका."

आणि त्यांनी त्या दोघांना खरंच जेवू घातलं. रोडगे फोडून, तूप ओतून, नको नको म्हणेपर्यंत वाढलं. वाटेसाठी डब्यात बांधून दिलं. एका शब्दाने कुणी त्यांना टोचलं नाही. मला राग आला होता, हिरोचा, मावसभावाचा, मुरमाचा, सगळ्यांचा. पण त्या पंगतीत वाढणाऱ्या माणसांकडे पाहता पाहता तो जिरला. मोठेपणा म्हणतात तो असाच असावा.

गाडी गेल्यावर पोरं घुटमळत होती. कुणीतरी चेंडू टाकला. तो सरळ उडाला. पुन्हा टाकला, पुन्हा सरळ. मग कुणी सांगायच्या आधीच खेळ सुरू झाला, आणि सलूनवाल्या भाऊंनी तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली.

सरांना मी फोनवर सांगितलं, सगळं. चालता यायला लागल्यावर मुलीच्या गाडीने ते अकोल्याला आले, ते थेट मैदानावर. नव्या गुडघ्याने, काठी टेकत, एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत गेले. सराव चालू होता. सलूनवाले भाऊ रोज दुकान उघडायच्या आधी तो घेत होते, शेतकऱ्याचा टँकर आठवड्याला येत होता, आणि जर्सी धुवायच्या पाळ्या पोरांनी आपसांत लावल्या होत्या. सर काठीने मुरूम दाबून पाहत होते. मला वाटलं होतं ते खूश होतील. त्यांचा चेहरा घरच्या लग्नात कुणी ओळख न दिलेल्या म्हाताऱ्यासारखा झाला होता.

संध्याकाळी ओट्यावर आम्ही दोघंच होतो. ते म्हणाले, "मले वाटे मी सोडला का क्लब बसते. मी नव्हतो त हे लोक उभे राह्यले."

मला हवं होतं ते माझ्या पदरात पडत होतं, आणि त्यांच्याकडे पाहून माझं काळीज तुटत होतं. दोन्ही खरं होतं. थोड्या वेळाने त्यांनी मला सामान बांधायला सांगितलं.

दिवाळीनंतर आमच्या संघाचा सामना अमरावतीत होता. अकोल्याहून आमचे लोक टेम्पो भरून आले. कंडक्टर भाऊजींनी गळ्यात शेंदरी पंचा घातला होता. सर आयुष्यात पहिल्यांदा प्रेक्षकांत बसले, पायरीवर, माझ्या शेजारी. हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. मी शेंगदाण्यांचा डबा त्यांच्या मांडीवर ठेवला, तर तो धरून बसले. आमचा एक गोल झाला, त्यांचे दोन.

मध्यंतराला सलूनवाले भाऊ पायऱ्या चढून वर आले. कुणाला बदलायचं, असं त्यांनी सरांना विचारलं. सर म्हणाले, आता तू पाहून घे. भाऊ थोडे थांबले आणि खाली गेले. मग सर माझ्याकडे वळले. "तुले काय वाटते?"

इतक्या वर्षांत खेळाबद्दल त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, उजवीकडचा मागचा पोट्टा दमला आहे, दोन्ही गोल त्याच्याच बाजूने आले, आणि तो लाजेखातर सांगत नाही. खाली पाहिलं तर भाऊ त्यालाच बाहेर बोलावत होते.

सर माझ्याकडे बघतच राहिले. "तुले एवढं समजते. मंग मले कधी कावून नाही सांगतलं?"

"तुमी घरी कधी होते?" मी म्हटलं.

डबा त्यांनी आमच्या दोघांच्या मधे ठेवला, आणि सामना सुरू झाल्यावर दर थोड्या वेळाने, मैदानावरची नजर न काढता, ते मला विचारत राहिले, आता काय वाटते.