मी पोचवलेलं हवालदारांचं म्हणणं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही — आणि त्यांना तर मी दूध नासल्यापासून शेजारणीच्या भांडणापर्यंत सगळं सांगते! तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. ऐका झालं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माजी सैनिकांसाठीच्या एका सरकारी महामंडळात मी टायपिस्ट होते, हंगामी. बेंगळुरातल्या शिवाजीनगरला बस बदलून जायचं आणि दिवसभर टकटक. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. दोन्ही जिभेवर असल्याचा मला केवढा तोरा होता, काय सांगू!

फौजेतले हवालदार ज्योतिबा शहराबाहेर येलहंक्याला लेकीकडे नुकतेच राहायला आले होते, कन्नड अजिबात येत नव्हतं. एक पाय गुडघ्याखाली लढाईत गेलेला. लाकडी पायाचा पट्टा तुटला म्हणून जुना कमरपट्टा शिवून बसवलेला. नव्या पायासाठी अर्ज केला की उत्तर एकच — निधी नाही. ते टाईप करायची मीच. आणि मोठ्या साहेबांच्या पगारवाढीचा, नव्या गाडीचा आदेश? तोही मीच, त्याच आठवड्यात. मला कळत नव्हतं का? कळत होतं हो.

मग विधिमंडळाची समिती आली. साहेबांना एवढा पगार कशाला, पायांसाठीचा पैसा गेला कुठं, हे विचारायला आलेले आमदार. बहुतेक खेड्यापाड्यातले, कन्नडच बोलणारे. हवालदार हिंदीत अडखळत सुरू झाले, तर साहेबच म्हणाले, आमच्याकडे मराठी येणारी मुलगी आहे. हवालदारांचा चेहरा असा खुलला! हिंदी सोडून ते घडाघडा मराठीत बोलू लागले. माझ्या भरवशावर.

सगळं बोलले. पगार, गाडी, ‘निधी नाही’. शेवटी विजार वर करून पट्ट्यानं सोलवटलेला पाय दाखवला. साहेब माझ्याकडे बघत होते. मला कायम करायचा कागद त्यांच्याच सहीसाठी पडून होता... आणि मी — जीभ कशी झडली नाही माझी? — मी कन्नडमध्ये सांगितलं, हे फार समाधानी आहेत, नव्या पायाला स्वल्प उशीर होतोय एवढंच. आणि देशासाठी दिलेला पाय दाखवताहेत.

आमदार उठून उभे राहिले. समितीच्या अध्यक्षांनी हात जोडले. हवालदारांना वाटलं, आपलं म्हणणं पटलं! ते रडायलाच लागले. मी खाली बघत राहिले. खरं बोलायला अजून वेळ होता. चांगला अर्धा तास होता. मी बोलले नाही.

समितीनं पगाराला, खर्चाला हरकत घेतली नाही. मला कायमची नोकरी मिळाली. हवालदारांची जखम मात्र चिघळत गेली, आणि पाय मांडीपासून कापावा लागला.

एकदा येलहंक्याला बघायला गेले. का गेले? मला राहवेना. त्यांनी लेकीला हाक मारली. ‘‘हीच ती पोर बघ. माझं म्हणणं हिनं पोचवलं.’’ ती बाई वयानं माझ्याहून मोठी, तरी वाकून माझ्या पाया पडली. मी पडू दिलं. मग चहा आला, तो प्याले.

निघताना हवालदारांनी विचारलं, समितीनं कबूल केलेला पाय कधी येईल गं?

‘‘येईल की, मामा,’’ मी म्हणाले.