चौकटीबाहेरचं मडिकेरी

फोटो दाखवताना रघुअण्णा बोट कधी फोटोवर ठेवत नसत, शेजारच्या भिंतीवर ठेवत. के. आर. पुरमच्या आमच्या इमारतीत राहायला आल्यावर मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो, तेव्हा दिवाणखान्यात मडिकेरीचा एक जुना फोटो होता. उतरता रस्ता, कौलारू घरं, मागे धुकं. मी सभ्यपणे “छान आहे” म्हणालो. अण्णांनी चौकटीच्या उजवीकडे, वीतभर अंतरावर रिकाम्या भिंतीला बोट लावलं आणि म्हणाले, “इथं बेकरी. सकाळी सहाला वास सुटायचा. फोटोत काय आहे ते तुम्हाला दिसतंयच, पुणेकर. नाही ते मी सांगतो.”

मी त्यांच्यासाठी शेवटपर्यंत पुणेकरच राहिलो. बंगळूरला येऊन मला अठरा वर्षं झाली आहेत, हे त्यांनी कधी जमेस धरलं नाही. त्यांचे वडील साताऱ्याकडून निघून मडिकेरीत पोचले आणि तिथे त्यांनी फोटो स्टुडिओ काढला. अण्णा तिथेच वाढले, मग बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. यंत्रांचे भाग समोरून, वरून, बाजूने कसे दिसतील हे त्यांनी जन्मभर कागदावर काढलं. “डावं-उजवं चुकलं की भाग भंगारात,” असं ते म्हणत. घरातही त्यांना ‘जरा तिकडे’ चालत नसे. साखरेचा डबा कुठे आहे असं विचारलं, तर उत्तर ‘वरून दुसरा कप्पा, डावीकडून तिसरा’ असं यायचं, आणि डबा तिथेच असायचा.

वडिलांच्या काचेच्या निगेटिव्ह त्यांनी पुठ्ठ्याच्या डब्यांत जपून ठेवल्या होत्या, एका डब्यात बारा. त्या स्कॅन करून द्यायचं मी कबूल केलं. प्रत्येक फोटोमागे काय लिहायचं ते अण्णा सांगणार आणि मी टिपून घेणार, असं ठरलं. या कामाची त्यांना घाई होती, आणि तिचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांचे थोरले भाऊ शेवटच्या वर्षांत स्वतःच्या घराची वाट विसरले होते. “माझं आहे तोवर उतरवून घ्या,” एवढंच म्हणाले आणि पुढची काच उचलली.

त्याच सुमाराला आमच्या मराठी मंडळाला या फोटोंचा सुगावा लागला. मंडळाला वर्षातून एकदा संस्कृती आठवते, त्या आठवड्यात प्रदर्शन ठरलं. फलकावर प्रमुख पाहुण्यांचं नाव सर्वांत मोठं, त्याखाली ‘भारताचे स्कॉटलंड’, त्याखाली मडिकेरी आणि अगदी तळाला, हॉलच्या पत्त्याशेजारी, अण्णांचे वडील. अण्णांनी फलक चष्मा काढून वाचला, चष्मा लावून वाचला आणि मला विचारलं, “स्कॉटलंडात कुणी आपल्या गावाला युरोपचं मडिकेरी म्हणतं काय?”

प्रदर्शनासाठी शेवटचा डबा मी घाईत स्कॅन केला. त्यात पोन्नम्माअक्कांचा फोटो होता. स्टुडिओसमोर राहणाऱ्या या बाई. अण्णांची आई आजारी असताना त्यांनी अण्णांना वर्षभर जेवू घातलं होतं. किल्ल्याच्या चढणीपाशी उभ्या राहून त्या कॅमेऱ्याकडे जरा रागानेच बघत होत्या. काच अण्णांनी सांगितल्याप्रमाणेच ठेवली होती, पण पडद्यावर बघतो तर बाईंचा पदर उजव्या खांद्यावर. माझ्या आजीपासून बायकोपर्यंत घरातल्या सगळ्यांचा पदर मी डाव्या खांद्यावर पाहिला होता. म्हणजे काच उलटी ठेवली गेली. एक उलटी, तर अख्खा डबा उलटा. मी एकेक क्लिक करून बाराही फोटो आरशातल्यासारखे डावे-उजवे फिरवले आणि अण्णांची चूक त्यांना न कळू देता निस्तरल्याचं समाधान मानलं.

उद्घाटनाला शाल झाली, नारळ झाला, पाहुण्यांनी स्वतःच्या स्वित्झर्लंडच्या सहलीवर भाषण केलं. मग अण्णांना फोटोंविषयी बोलायला सांगितलं. ते पोन्नम्माअक्कांच्या फोटोपाशी गेले. बोट सवयीने उजवीकडच्या भिंतीवर गेलं. “इथं बेकरी,” म्हणाले आणि थांबले. त्या बाजूला तर किल्ल्याची चढण होती. बोट डावीकडे गेलं, परत उजवीकडे आलं, मग खाली आलं. लोक चहाकडे वळले होते, त्यामुळे फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. अण्णांनी मला जवळ बोलावून हळूच विचारलं, “बेकरी इकडंच होती ना?”

फोटो मी सरळच केलेत, अशी माझी खात्री होती. मी मडिकेरी पाहिलेलंही नव्हतं. दमला असाल, असं म्हणालो.

त्यानंतर अण्णांनी फोटोंविषयी सांगायचं बंद केलं. वही घेऊन गेलो की त्यांची सून शैला दारातच सांगायची, झोपलेत. एकदा आत बोलावलं ते सगळे डबे माझ्या हवाली करायला. “आता माझ्या सांगण्यावर काही लिहू नका,” म्हणाले. शैलाने निरोप देताना सांगितलं, की ते दिवसभर वहीत मडिकेरीचे नकाशे काढतात आणि खोडतात. साखरेचा डबा कुठे आहे ते विचारलं, तर आधी उठून बघून येतात.

तीन आठवड्यांनी व्हाइटफील्डला आमच्या ऑफिसात पारंपरिक वेशाचा दिवस होता. असल्या दिवशी मी घरून काम करतो, पण त्या दिवशी बैठक होती. देचम्मा नावाची सहकारी मूळची कोडगूची, म्हणजे मडिकेरीच्याच मुलखातली. ती आली ती निऱ्या मागे आणि पदर उजव्या खांद्यावर पिनेने लावून. मी पाहत राहिलो आणि तिचा पदर उलटा कसा, असं शक्य तितक्या सभ्य हिंदीत विचारलं. ती म्हणाली, “उल्टा आपका है, सर. हमारे यहाँ सब औरतें ऐसे ही पहनती हैं।”

बैठकीत काय ठरलं, ते मला आजही माहीत नाही.

संध्याकाळी मूळ स्कॅन छापून घेतले आणि मेट्रोने थेट अण्णांकडे गेलो. टेबलावर पोन्नम्माअक्कांचे दोन्ही फोटो शेजारीशेजारी ठेवले आणि काय केलं ते सांगितलं. पदराचंही सांगितलं. न विचारता बारा फोटो फिरवले, हे सांगताना मात्र वाक्य दोनदा अडलं.

अण्णांनी दोन्ही फोटो जवळ ओढले. मग खऱ्या फोटोच्या उजवीकडे, टेबलाच्या सनमायक्यावर, त्यांनी बोट ठेवलं. “बेकरी,” म्हणाले. बोट जरा खाली सरकलं. “शिंपी. पुढं स्वल्प उतार, मग आमचा स्टुडिओ.” बोट कुठेच थांबलं नाही. टेबल संपलं तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

“गाव तुम्ही फिरवलंत,” ते म्हणाले, “आणि तीन आठवडे मी माझं डोकं फिरवून बघत बसलो.”

मी माफी मागू लागलो, तर त्यांनी हाताने थांबवलं. “पदर बघितलात, बाई नाही बघितली. तिचा पदर नीट करा म्हणत नव्हतो मी. विचारायचं तरी.” मग शैलाला हाक मारून कॉफी सांगितली, आणि साखर वरून दुसऱ्या कप्प्यात, डावीकडून तिसरी, हेही. ती आतून म्हणाली, “सरी, बरं अण्णा, ठाऊक आहे मला.” अण्णा खुर्चीत मागे टेकले. इतक्या दिवसांत त्यांना असं टेकलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी उलटा फोटो फाडायला घेतला, तर त्यांनी तो माझ्या हातून काढून घेतला. “राहू दे. मागं लिहा, पुण्याहून दिसणारं मडिकेरी.” मी लिहिलं. त्यांनी अक्षर तपासलं.

उरलेल्या फोटोंमागचं लिहून पुरं करायला आम्हाला सहा महिने लागले. प्रत्येक फोटोमागे आता दोन ओळी आहेत, चौकटीच्या डावीकडे काय आणि उजवीकडे काय. फोटोत काय आहे, ते कुठेच लिहिलेलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. शेवटच्या आठवड्यातही डॉक्टरांना ते दुखणं नेमकं कुठे, किती बोटं डावीकडे, असंच सांगत होते.

खरे फोटो शैलाकडे आहेत. उलटा मी मागून घेतला आणि माझ्या दिवाणखान्यात लावला. येणारे लोक “छान आहे” म्हणतात. मी फोटोच्या डावीकडे, रिकाम्या भिंतीवर बोट ठेवतो. “इथं बेकरी,” सांगतो, “पण खरी तिकडे,” आणि उठून दुसऱ्या बाजूला जातो.