तीन बोटांचं माप

"थांबा, जिभेला विचारतो."

एवढं म्हणून मामा डोळे मिटून घ्यायचे. हॅनोव्हरमधल्या आमच्या कंपनीचं कँटीन, दुपारचे बारा, ताटात उकडलेला बटाटा आणि त्यावर पांढरा सॉस, आणि हा पन्नाशीचा सांगलीकर डोळे मिटून घास घोळवत बसलेला. शेजारच्या टेबलावरचे जर्मन काटे-चमचे थांबवून बघायचे. मग मामा डोळे उघडून निकाल द्यायचे, "जीभ म्हणते, मीठ विसरले." नाहीतर, "जीभ म्हणते, हे पथ्याचं आहे, मला काय झालंय?" जिभेचं नाव पुढे केलं की वाईटपणा आपल्याकडे येत नाही, असा त्यांचा हिशेब. घरीही असंच करता का, म्हणून मी एकदा विचारलं. "घरी जीभ आवरती घेतो," म्हणाले.

जेवण झालं की डबी निघायची. अडकित्ता ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, स्टेपलरच्या शेजारी असायचा. एका नव्या जर्मन पोरानं तो वायर सोलायला उचलून नेला होता, तेव्हा मामांनी तो परत आणून साबणानं तीन वेळा धुतला. सुपारी ते कागदासारखी पातळ कातरायचे. तंबाखू नाही, चुना नाही, नुसती सुपारी. ती डाव्या गालात गेली की संध्याकाळपर्यंत तिथेच मुक्काम. मीटिंगमध्ये मामा गप्प बसले की साहेबाला वाटायचं, माणूस विचार करतोय.

मामा तसे आमच्यापैकी कोणाचेच मामा नव्हते. त्या शहरात आम्हा मराठी मंडळींत संसार थाटून बसलेले पहिले ते, म्हणून मागून आलेल्या सगळ्यांचे मामा झाले आणि त्यांच्या पत्नी मामी. मी पुण्याहून आलो तेव्हा ऐन थंडी होती आणि भाड्याच्या खोलीत दिव्याची नुसती वायर लोंबत होती. मामांनी घरची जास्तीची गादी काढली आणि आम्ही दोघं ती ट्राममधून घेऊन निघालो. तपासनीस आला, हे काय म्हणाला. मामा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "पेशंट आहे. उभं राहवत नाही." तो हसला नाही. पुढच्या स्टॉपवर त्यानं आम्हाला उतरवलं आणि उरलेला रस्ता आम्ही गादी डोक्यावर घेऊन चाललो. वाटेत मामा मला जर्मनीचे नियम शिकवत होते. पहिला नियम, इथे विनोद जपून करावा.

परदेशातल्या आपल्या लोकांची एक रीत तुम्हीही पाहिली असेल. भारतात निघालेला माणूस जायच्या आधी ओळखीच्या प्रत्येकाला फोन करून विचारतो, "काय आणू?" आणि जे सांगितलं जाईल ते आणतोच. बॅगेतलं निम्मं वजन दुसऱ्यांच्या जिभेचं असतं. कोणाला मेतकूट, कोणाला गोडा मसाला, कोणाच्या आईनं दिलेली लोणच्याची बरणी. मामांचं मागणं एकच, अर्धा किलो श्रीवर्धनची रोठा सुपारी. मामींचा त्यांच्या सुपारीवर राग, त्यामुळे हा मामला गुपचूप चालायचा.

"मामीला सांगू नको," ते दबक्या आवाजात म्हणायचे. "आणि दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही रे. किडकी घेऊन येतील. सुपारीची पारख आपल्यात फक्त तुला आहे."

मला याचा भारी अभिमान. मंडईजवळच्या दुकानात मी सुपाऱ्या एकेक करून निवडायचो आणि दुकानदाराचा वैताग ओढवून घ्यायचो.

फुटबॉलचा वर्ल्ड कप होऊन गेला त्याच्या पुढच्या वर्षी कंपनीनं आम्हाला सहा आठवड्यांसाठी मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात पाठवलं. तिथल्या एका कारखान्यात आमची नवी लाइन बसवायची होती. मामा, मी आणि दोन जर्मन सहकारी. पहिल्याच रविवारी गाइडबरोबर पायी फिरून रस्त्यावरचं खायची सहल होती. ती मामांनी हॅनोव्हरमध्येच शोधून ठरवून ठेवली होती, मशीनचे नकाशे उघडायच्याही आधी. "मिरचीच्या माहेरी निघालोय," महिनाभर ते सगळ्यांना सांगत होते.

गाइड पंचविशीची मुलगी होती. हातात पिवळी छत्री, पायात कॅनव्हासचे बूट, बोलणं झरझर. दातांच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि सुटीच्या दिवशी हे काम करायची. निळ्या-पांढऱ्या फरशांनी मढवलेल्या भिंती दाखवत तिनं आम्हाला पहिल्या गाडीवर नेलं. तळहाताएवढ्या मक्याच्या पोळ्या चरबीत तळून वर लाल आणि हिरवी चटणी घातलेली. मामांनी घास घेतला, डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा ते पाण्यानं भरले होते. पोळी त्यांनी हळूच कागदावर ठेवून दिली.

"काय म्हणते जीभ?"

"तोंड आलंय. उष्णता. चार दिवस सब्जा घेतला की बरं वाटेल."

हा माणूस ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेच्याची बाटली ठेवायचा. आम्ही हसलो. मी जर्मन सहकाऱ्यांना ठेच्याची गोष्ट रंगवून सांगितली आणि तेही हसले.

पुढे बाजारात एक बाई मातीच्या मोठ्या भांड्यातलं मोले वाढत होती. काळपट, दाट, तीळ, मिरच्या आणि कोको घालून रटरटवलेलं. मामांनी गाइडला त्यातला एकेक जिन्नस विचारून घेतला, वहीत लिहिला. घास बराच वेळ तोंडात धरला आणि निकाल न देताच गिळला. मग आली सेमिता. तिळाचा गोल पाव, आत तळलेलं मांस, अव्हाकाडो आणि चीजच्या तारांचा ढीग, सगळं मिळून वीतभर उंच. आम्ही तिघांनी जबडे वासले आणि तुटून पडलो. मामा ती हातात फिरवत राहिले. मग वरचा पाव उचलून बाजूला ठेवला आणि आतलं एकेक चिमटीनं खायला लागले.

"मामा, उष्टावण आहे का? भरवू?" मी म्हणालो.

गाइड हसली नाही. तिनं छत्री भिंतीला टेकवली, स्वतःच्या हाताची मधली तीन बोटं जुळवून उभी धरली आणि दातांमध्ये घालून दाखवली. "असं करा," म्हणाली. मामांना एकट्याला अवघड वाटू नये म्हणून आम्ही सगळ्यांनीच केलं. भर रस्त्यात चार पुरुष तोंडात बोटं घालून उभे, आणि सेमितावाला पोट धरून हसतोय. आमची तीन-तीन बोटं सहज गेली. मामांचं पहिलं बोट गेलं. दुसरं नखापर्यंत जाऊन अडकलं.

तुम्ही हे वाचताना बोटं तोंडाशी नेली असतील तर मला त्यात नवल वाटणार नाही. त्या दिवसापासून मी ज्या ज्या सुपारी खाणाऱ्याला भेटलो, त्याला हे करायला लावलं आहे.

"तुम्ही काय चघळता?" तिनं विचारलं. मामांनी अपराधी चेहऱ्यानं डबी काढली. तिनं एक काप उचलून वास घेतला आणि परत ठेवला. मग त्यांना उजेडाकडे तोंड करायला लावून गालाच्या आत, जेवढं दिसत होतं तेवढं, पाहिलं. "हे मिरचीमुळे नाही," ती म्हणाली. "गाल आतून आवळत चाललाय. हे आजच बंद करा. आणि घरी पोचलात की त्याच आठवड्यात डॉक्टर. पुढच्या महिन्यात नाही."

"गेनाऊ, गेनाऊ," मामा म्हणाले. बरोबर, बरोबर. मग त्यांनी समोरच्या दुकानातून आम्हा सगळ्यांसाठी रताळ्याची मिठाई घेतली. बसमध्ये माझ्या शेजारी बसून म्हणाले, "सुटीच्या दिवशीसुद्धा दातांची डॉक्टर गाठ पडली, बघ नशीब. मामीला सांगू नको."

मी सांगितलं नाही. ही माझी पहिली चूक.

हॅनोव्हरला परतल्यावर मामांनी डॉक्टरची टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, घेतली आणि रद्द केली. पुन्हा घेतली, पुन्हा रद्द केली. कारण विचारलं तर म्हणाले, "काय सांगू रे त्याला? एवढा मोठा इंजिनिअर दिवसभर झाडाचं फळ चघळत बसतो?" त्यांना दुखण्याची नाही, लाज वाटण्याची भीती होती. कँटीनमध्ये आता ते सूप घ्यायचे, बटाट्याचा लगदा घ्यायचे. मामा अखेर जर्मन झाले, असं आम्ही म्हणायचो. इतकं सगळं डोळ्यांसमोर असताना हे बोलायची आमची हिंमत कशी झाली, देव जाणे.

दिवाळीला मी दहा दिवस पुण्याला निघालो. रीतीप्रमाणे फोन केला, काय आणू. मामांनी आधी पुण्याची हवा विचारली. मग म्हणाले, "नेहमीचं."

मंडईजवळच्या त्या दुकानात मी बराच वेळ उभा होतो. पुएब्लाच्या रस्त्यावर अडकलेलं ते दुसरं बोट मला स्पष्ट दिसत होतं. तरी मी अर्धा किलो सुपारी घेतली, आणि सवयीनं निवडूनही घेतली. ज्या माणसानं माझी गादी डोक्यावर वाहिली त्याला नाही कसं म्हणायचं, हे मला येत नव्हतं. मी नाही आणली तर त्यांना कुठून मिळणार आहे, हा साधा विचार मी केला असता तर? मी तो केला होता, हेच वाईट आहे. माझ्याशिवाय त्यांना कोणी आणून देणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही मी आणली.

हिवाळा संपता संपता कंपनीच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी मामांना तोंड उघडायला सांगितलं. डाव्या गालात जखम होती आणि ती जबड्यापर्यंत पोचली होती. अकरा तास शस्त्रक्रिया चालली. गाल, अर्धा जबडा आणि जिभेचा डावा भाग काढून टाकला. नंतर किरणांचे उपचार झाले आणि उरलेल्या जिभेचीही चव गेली. पोटात नळी बसवली. मामा बोलायचे ते वहीत लिहून.

घरी आल्यावर त्यांनी एक विचित्र हट्ट धरला. आम्ही भेटायला गेलो की मामींनी आम्हाला ताट वाढायचं आणि आम्ही मामांच्या समोर बसून जेवायचं. पहिल्या दिवशी मी खाली मान घालून भराभर जेवू लागलो. त्यांनी वही पुढे केली. "सांग."

मग मी सांगायला लागलो. आमटी आंबट झाली आहे. कोशिंबिरीत कूट जास्त आहे. ते लिहायचे, "चिंच की आमसूल?" मी आणखी एक घोट घेऊन म्हणायचो, आमसूल. ते मान डोलवायचे. एकदा मी नुसतंच "छान आहे" म्हटलं, तर पेन्सिल रागानं कागदावर आपटली. लिहिलं, "नीट सांग." मामी तोंड फिरवून ओट्याकडे जायच्या.

एक दिवस मामी फार्मसीत गेल्या होत्या तेव्हा मी धीर केला. "मामा, दिवाळीत मी आणायला नको होती."

त्यांनी वही पुढे ओढली. मग लिहिलं, "तू आणली नसतीस तरी मी खाल्ली असती." मी ते पान फाडून मागितलं, त्यांनी दिलं. मला वाटलं, मोठ्या मनानं धीर देतायत.

पानगळ सुरू झाली आणि मामा गेले. अंत्यविधीनंतरच्या रविवारी मामींकडे बरीच माणसं येणार होती. हॅनोव्हरमधले आम्ही चौघं मराठी मित्र सकाळीच मदतीला गेलो. मामी म्हणाल्या, घडीच्या खुर्च्या केलरमध्ये आहेत. केलर म्हणजे इमारतीच्या तळघरातली प्रत्येक भाडेकरूची जाळीची खोली. किल्ली घेऊन त्यांची मुलगी आमच्याबरोबर खाली आली. पंधरा वर्षांची, जर्मनीतच वाढलेली. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये.

खुर्च्यांच्या मागे गाडीचे हिवाळ्याचे टायर होते आणि टायरच्या आत बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा. तिनं तो उघडला. आत चार पुडकी. पुण्याच्या वर्तमानपत्रात गुंडाळून मी चिकटपट्टी लावलेलं माझं होतं, अर्धं संपलेलं. एक नागपूरच्या वर्तमानपत्रात होतं. एक कोल्हापूरच्या दुकानाच्या कापडी पिशवीत. एक लहान मुलाच्या मोज्यात कोंबलेलं, विमानतळावरच्या तपासणीत दिसू नये म्हणून. आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. पारख आपल्यात फक्त तुला आहे, हे प्रत्येकाला सांगितलेलं होतं.

"हे कोणी आणलं?" मुलीनं जर्मनमध्ये विचारलं.

"एक मी," मी म्हणालो. मग बाकीच्या तिघांनीही तेच म्हटलं, पाठोपाठ, हळू आवाजात.

तिनं झाकण लावलं. डबा उचलून मागच्या अंगणात गेली, जिथे कचऱ्याचे डबे ओळीनं उभे असतात. आम्ही मागोमाग गेलो. तिनं पुडकी एकेक करून सोडली. वर्तमानपत्रं निळ्या डब्यात, प्लास्टिक पिवळ्या पिशवीत, सुपारी ओल्या कचऱ्याच्या तपकिरी डब्यात. सुपाऱ्या तळाशी खडखडत पडत होत्या. मोजा तिनं झटकला, त्याची नीट घडी घातली आणि ज्याचा होता त्याच्या हातात दिला. मग आमच्याकडे वळून, मी ऐकलेलं तिचं पहिलं पूर्ण मराठी वाक्य बोलली, "आईला तुम्हीच सांगा."

खुर्च्या घेऊन आम्ही जिना चढलो, तोवर माणसं यायला लागली होती. स्वयंपाकघरात मामींनी चार कप ओट्यावर मांडले होते आणि चहा गाळत होत्या. मी सांगितलं. पुएब्लाच्या बोटांपासून टायरमधल्या डब्यापर्यंत सगळं, काही न गाळता. मामींनी ऐकून घेतलं. हात थांबवला नाही, चौथा कप काठोकाठ भरला, गाळणं झटकून बाजूला ठेवलं. मग पदराला हात पुसत त्या बाहेर माणसांत जाऊन बसल्या. चहा घ्या म्हणाल्या नाहीत. आम्ही चौघं त्या कपांसमोर उभे राहिलो, आणि चहावर साय धरली तरी कोणीही हात पुढे केला नाही.