साहेबांचा नकार

१९५६ साली भाषावार नवी राज्यं झाली आणि आमचं बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं. जुन्या मध्य प्रदेशात शिक्षणमंत्री असलेले साहेब तेव्हा खासदार होते. दिल्लीहून आले की टांग्याने थेट आमच्या मराठी शाळेत यायचे. व्हरांड्यातल्या बाकावर बसून बूट काढायचे, सुजलेले पाय गार फरशीवर टेकवायचे आणि माझ्याकडे चहा मागायचे. मी तिथं मास्तर होतो. कोणी काहीही काम सांगितलं की साहेब डोळे मिटून म्हणायचे, "बघू या." स्पष्ट नाही म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

सरकार शाळांतले मराठीचे वर्ग बंद करणार असं कळलं, तेव्हा जवळच्या बहादरपूर गावचे शेतकरी त्यांना शाळेतच भेटायला आले. "साहेब, तुमी बोलले तर काम होऊन जाईन ना?"

या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. "नाही होणार," ते म्हणाले. "मी बोलून आलोय. नव्या सरकारात माझं आता कोणी ऐकत नाही. पोरांना हिंदी नीट शिकवा, नाहीतर ती मागं पडतील."

एक म्हातारा भडकला. "मंग तुमाले निवडून कायले दिलं आमी?"

साहेबांनी सुजलेल्या पायांत बूट चढवायला घेतले. लोक निघून गेल्यावर त्यांनी चहाही घेतला नाही.

पुढच्या निवडणुकीत ते पडले. काही दिवसांनी तो म्हातारा मला बाजारात भेटला. "माणूस खरं बोलला व्हता, मास्तर," तो म्हणाला. "पण असं बोलणाऱ्याले मत कसं द्यावं?"