धुराड्यावरचे डबे

आई भाकरी थापत होती आणि आमच्या पत्र्यावर माणूस चढला होता. त्यानं रॉकेलचा अर्धा कापलेला डबा धुराड्याच्या तोंडावर उपडा घातला आणि तारेनं आवळला. चुलीचा धूर उलटा फिरला. सगळा आईच्या तोंडावर. ती पिठाच्या हातानं खोकत दारात येऊन बसली. खाली खात्याचा ओव्हरसीयर उभा होता. आता स्वयंपाक कसा करायचा, असं आईनं त्याला विचारलं. तो वर बघतच म्हणाला,

"आदी कसा करत हुतीस? तुमाला सवय हाय की धुराची. त्यास्नी न्हाय."

त्यास्नी म्हणजे मागच्या टेकाडावरच्या बंगल्यांतल्या साहेबांना.

आमची लाइन एका सरकारी खात्याची. कोल्हापूरच्या कडेला, अकरा खोल्या, वर सिमेंटचे पत्रे. आई त्या बंगल्यांची अंगणं झाडायची, म्हणून खोली. वडील नव्हते. मी बी.ए.ला होते. लाइनीत माझ्याएवढं शिकलेलं कुणी नव्हतं.

त्या वर्षी जुन्या खोल्या सुधारायची योजना आली. घरोघरी बिनधुराची चूल बसवली. मातीची, दोन तोंडांची, धूर नळीतून पत्र्याबाहेर. जळण निम्म्यावर आलं. पहिल्या दिवशी आईनं सवयीनं फुंकणी उचलली, परत ठेवली. भाकऱ्या झाल्या तरी डोळ्याला पदर लावला नाही. मला म्हणाली, "अगं, भित दिसाय लागली की." इतकी वर्षं चुलीपुढं बसून तिला समोरची भिंत धड दिसली नव्हती.

हे सुख तीन आठवडे टिकलं. बंगल्यांतून तक्रार आली. आमचा धूर वर जातो, वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागतो. आमच्या शेणीचा वास.

डबे ठोकण्याआधी खात्याला कागद हवा होता. हे लिहायला मला सगळ्यात जड जातं. ओव्हरसीयर आमच्याकडं आला. धुराड्यांतून पावसाचं पाणी घरात येतं, तरी ती बंद करावीत, अशी रहिवाशांची विनंती लिहून दे म्हणाला. न्हाय तर खोलीचं काय खरं न्हाय. आई भ्याली. "लिही बाई," म्हणाली. मी लिहिलं. चांगली शाई भरून, समास सोडून, वळणदार अक्षरात. मग दारोदार अंगठे घेत फिरले. शेजारच्या हमीदाभाभीनं विचारलं, कशाचा कागद गं. मी म्हणाले, धुराड्याचा. एवढंच. तिला वाटलं, दुरुस्तीचा असेल.

दुसऱ्या दिवशी डबे बसले.

पुढच्या थंडीत खोकून खोकून आई दवाखान्यात. डॉक्टरांनी विचारलं, घरात चूल कसली आहे? मी म्हणाले, बिनधुराची. त्यांनी तसं लिहून घेतलं. खाटेवर पडल्या पडल्या आईनं माझ्याकडं पाहिलं आणि भिंतीकडं कूस वळवली. मला माझ्या जिभेची किळस आली. आजही येते. चार दिवसांनी ती गेली.

तेराव्यानंतर ओव्हरसीयर परत आला. योजना बघायला पुण्याहून पाहुणे येणार होते. तेरा दिवस चूल पेटली नव्हती आणि सुतक फिटल्यावर मी चूल-भिंती सारवल्या होत्या, म्हणून आमचीच खोली लाइनीत सगळ्यात स्वच्छ. तीच दाखवायची होती. आईच्या मरणाचा त्याला असा उपयोग झाला. तो म्हणाला, "तुझं नाव आईच्या जागी लावतो. पावणं आलं की एवढंच म्हणायचं, चूल झ्याक हाय."

पाहुणे आले. तिघे साहेब, एक बाई. बाईंनी थंड चुलीवरून हात फिरवला. बोटं बघितली. "किती स्वच्छ ठेवलंय," म्हणाल्या.

मी म्हणाले, बसा, चहा टाकते.

ओव्हरसीयर दारातून म्हणाला, च्या नको, उशीर होतोय. पण बाईंनाच चूल पेटलेली बघायची होती. मी ओलसर पाचट घातलं, वर शेणी ठेवली, काडी ओढली. धूर नळीत गेला आणि वरून माघारी आला. खोली भरली. आधी साहेब बाहेर पळाले, मग रुमाल तोंडाला लावून बाई. हमीदाभाभी आपल्या उंबऱ्यावरून म्हणाली, "बसा की पावणं, च्या व्हायचाय अजून."

मी अंगणात आले. डोळे गळत होते तरी नीट बोलले. "वर डबे ठोकलेत. त्यासाठीचा अर्ज माझ्या हातचा आहे. तो खोटा आहे."

पाहुणे टेकाड चढून गेले. वर बंगल्याच्या नळावर तोंडं धुतली आणि जीप निघून गेली. ओव्हरसीयर म्हणाला, "नोकरी इसर आता." विसरले.

मी नवा अर्ज लिहिला. धूर, खोकला, आईचं मरण आणि जुन्या अर्जातलं माझं खोटं, सगळं त्यात घातलं. हमीदाभाभीनं अंगठा मागं घेतला. "आदी खालपातूर वाच," म्हणाली. मी वाचलं. ऐकून ती घरात निघून गेली. अंगठा दिला नाही. बाकीच्यांतल्या चौघींनी दिला. तेवढ्यावरच अर्ज खात्यात देऊन आले.

खोली सोडायची नोटीस आली आहे. सोडेन. त्याआधी उद्या शिडी लावून वर चढणार आहे. अकराही डबे माझ्या हातानं काढणार, दिवसाढवळ्या, बंगल्यांतून दिसेल असे. परत ठोकले तर परत काढायला येईन.